खालाच्या शेतातून तीन किल्ले

दिवाळीच्या सुट्टीत कुठे जायचे, हा प्रश्न आमच्या नांदेडच्या घरात दरवर्षी निघतो आणि दरवर्षी त्याचे उत्तर हैदराबाद असते. नातेवाइकांकडे उतरायचे, चारमिनारच्या बाजारात बांगड्या घ्यायच्या, एक दिवस गोवळकोंडा, आणि परत. दुसरे उत्तर म्हणजे एखाद्या दर्ग्याचा उरूस. तिसरे उत्तर नसते. यंदा मात्र आठवीतला माझा भाचा अडून बसला. त्याला तंबूत झोपायचे होते. ऑनलाइन मागवलेला एक निळा तंबू पंधरा दिवसांपासून पलंगाखाली पडला होता, आणि तो गच्चीवर उभारून त्याचे समाधान होत नव्हते.

मग भाईजानने तोड काढली. आमच्या खालाचे शेत अहमदपूरजवळ आहे, नांदेड-लातूर रस्त्याच्या साधारण मधोमध. तिथे विहीर आहे, आंब्याचे झाड आहे, दोन खोल्यांचे घर आहे. मुलांनी आंब्याखाली तंबू ठोकावा, बायकांनी घरात झोपावे, आणि रोज सकाळी डबा घेऊन एका दिशेला निघावे, मगरिबच्या आत परत यावे. युरोपात दक्षिण फ्रान्सच्या द्राक्षमळ्यांच्या मुलखात लोक अशीच सुट्टी घालवतात. मळ्याशेजारच्या मोकळ्या जागेत आठ-आठ दिवस तंबू लावायचा, आणि एक दिवस कार्कासोनचा किल्ला, एक दिवस रोमन लोकांनी बांधलेला पाण्याचा पूल असे बघून रात्री पुन्हा आपल्या तंबूत. तिथली द्राक्षे दारूकडे जातात, ती गोष्ट वेगळी. आमच्याकडे आजूबाजूला ऊस होता, पिवळ्या फुलांवर आलेली तूर होती, आणि खालाच्या अंगणात वाळत घातलेली मिरची.

खालूंना ही कल्पना अजिबात पटली नाही. “पत्थरां देखने कू इत्ता पेट्रोल जलारे?” एवढेच ते म्हणाले आणि मोटर सुरू करायला विहिरीकडे गेले.

पहिला दिवस कंधारचा ठरला, कारण अम्मी आणि खाला दोघी मूळच्या कंधारच्या. गाडीत आम्ही सात जण होतो: अम्मी, भाईजान, भाभी, त्यांची दोन मुले, मी आणि माझी मुलगी. खाला आठवी. धाकट्या पुतणीला भाभीने मांडीवर घेतले. अहमदपूरहून नांदेडच्या रस्त्याला लागले की माळेगाव लागते, जिथे खंडोबाची यात्रा भरते आणि घोडे, उंट, गाढवे यांचा मोठा बाजार होतो. आम्ही गेलो तेव्हा माळ रिकामा होता. पुढे लोह्याहून कंधारला वळायचे.

आता एक गोष्ट सांगते, जी मला स्वतःला त्याच दिवशी कळली. माझी अम्मी अडुसष्ट वर्षांची आहे. तिचे माहेर किल्ल्यापासून हाकेच्या अंतरावर होते. तिचे भाऊ, म्हणजे आमचे मामू, खंदकात पोहायला शिकले. पण अम्मीने किल्ल्याचा दरवाजा आयुष्यात कधी ओलांडला नव्हता. मुलींनी तिकडे जायचे नाही, असे होते. कुणी भांडून सांगितले नव्हते, मार मिळाला नव्हता, फक्त जायचे नाही. मग लग्न झाले, नांदेडला आली, माहेरपणाला येत राहिली, आणि किल्ला दरवेळी बाहेरून दिसत राहिला. खालाचेही तेच. दोघी बहिणी खंदकावरच्या वाटेवर एकमेकींचा हात धरून उभ्या राहिल्या आणि अम्मी म्हणाली, “पानी तो उत्ताच है.”

कंधारचा किल्ला डोंगरावर नाही. तो भुईकोट आहे, मन्याड नदीच्या खोऱ्यात सपाटीवर बसलेला. त्याचा जीव आहे खंदकात. रुंद, दगडाने बांधलेला आणि अजूनही पाणी धरणारा. आत दुहेरी तटबंदी, वळणावळणाचे दरवाजे, आणि एक दरवाजा ओलांडला की समोर पुन्हा भिंत. शत्रूला सरळ धावताच येऊ नये म्हणून ही रचना. अम्मीच्या गुडघ्यांनाही ती सोयीची पडली, कारण दर वळणावर बसायला ओटा मिळत होता.

पहिल्या दरवाज्यातच भाच्याने मला बाजूला घेतले. “फुप्पू, ये किल्ला किसने बांधा? हमने के उनोने?”

या प्रश्नामागे काय होते ते मला माहीत होते. दिवाळीआधी वर्गात एका मुलाशी त्याची बाचाबाची झाली होती. तुमचे लोक बाहेरून आले, किल्ले आमचे, असे काहीतरी. घरी येऊन तो जेवला नव्हता. भाईजानने त्याला “छोड दे” म्हणून सांगितले होते, जे आम्ही सगळेच सांगतो. तेरा वर्षांच्या मुलाला ते पुरत नाही.

मी त्याला कंधारबद्दल जे ठाऊक होते ते सांगितले. हे गाव राष्ट्रकूट राजांच्या काळातले, म्हणजे हजार वर्षांहून जुने. किल्ल्याचा संबंध दहाव्या शतकातल्या तिसऱ्या कृष्णराजाशी लावतात. त्या काळातल्या एका प्रचंड मूर्तीचे तुकडे इथे सापडले आहेत, आणि नुसता पाऊल पाहिला तरी अख्खी मूर्ती केवढी असेल याचा अंदाज येतो. त्यानंतर बहमनी सुलतान आले, मग अहमदनगरची निजामशाही, मग मोगल, मग हैदराबादचा निजाम. प्रत्येकाने काही पाडले, काही वाढवले. म्हणजे पाया एकाचा, तट दुसऱ्याचा, कमान तिसऱ्याची. आणि दगड फोडणारे, चुना मळणारे, खंदक खणणारे तर या सगळ्यांच्या काळात इथल्याच खेड्यांतले. त्यांची नावे कुठल्याच शिलालेखात नाहीत.

तो काही बोलला नाही. पण मोबाइलवर मी त्याला एक चित्र दाखवले, तेव्हा मात्र त्याचे डोळे मोठे झाले. शाहजहानच्या कारकिर्दीचा इतिहास म्हणजे ‘पादशाहनामा’. त्याची शाही सचित्र प्रत आज ब्रिटनच्या राजघराण्याच्या संग्रहात विंडसरला आहे. तिच्यात कंधारच्या वेढ्याचे एक चित्र आहे, पयाग नावाच्या चित्रकाराने काढलेले. नाव वाचून पुष्कळांना वाटते हे अफगाणिस्तानचे कंदाहार. ते नव्हे. हे आपले, नांदेड जिल्ह्यातले कंधार. १६३१ मध्ये नासिरी खानाने ते निजामशाहीकडून जिंकले, त्या वेढ्याचे ते चित्र. मोगल मुसलमान, निजामशाहीही मुसलमान, आणि चित्र काढणारा पयाग हिंदू. भाच्याने चित्र मोठे करून तट आणि धूर निरखला आणि म्हणाला, “मतलब हमारेच हमारे से लड़े?”

“त्या वेळी ‘हमारे’ वेगळ्या हिशेबाने ठरत होते,” मी म्हटले. याहून चांगले उत्तर मला तिथे सुचले नाही.

दुपारी गावातल्या हाजी सय्याह सरवर मखदूम (रह.) यांच्या दर्ग्यावर गेलो. तिथला प्रत्येक कोपरा अम्मीला तोंडपाठ होता, कारण तिथे मुलींना जायला परवानगी होती.

रात्री खालाने खिचडी-खट्टा केला. खट्ट्याची चिंच पानचिंचोलीची. निलंगा तालुक्यातल्या या चिंचेला, बोरसुरीच्या तूर डाळीला आणि कास्तीच्या कोथिंबिरीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे दार्जिलिंगच्या चहाला जे मिळाले आहे तेच. खालाला याचे फार कौतुक नव्हते. “हम तो पहले से उसीच की डालते,” म्हणाली. मुले तंबूत झोपली. पहाटे तिघेही थंडीने कुडकुडत घरात येऊन आमच्या रजईत शिरली, हे त्यांनी शाळेत सांगितलेले नाही.

दुसरा दिवस औशाचा, आणि तो सगळ्यांत लांबचा. फजर होताच निघालो. लातूर ओलांडून पुढे वीसेक किलोमीटर गेले की औसा. हा किल्ला मला तिघांत जास्त आवडला, आणि कारण विचित्र आहे. तो दिसतच नाही. किल्ला म्हटला की मान वर करून बघायची आपल्याला सवय. औशाचा किल्ला खोलगट जागी बसवला आहे. लांबून येणाऱ्याला तो जवळ येईपर्यंत कळत नाही, पण त्याच्या उंच बुरुजावर उभे राहिले की दूरवरचा रस्ता स्वच्छ दिसतो. भाईजान त्या बुरुजावर बराच वेळ उभे होते. खाली भाभी आणि मी अम्मीला घेऊन सावलीत बसलो होतो.

इथे मलिक अंबरचे नाव निघणारच. हबशी देशातून, म्हणजे आजच्या इथिओपियातून, गुलाम म्हणून विकला गेलेला हा मुलगा दख्खनमध्ये येऊन निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला, आणि १६२६ मध्ये मरेपर्यंत मोगलांना त्याने दख्खन सुखाने पचू दिली नाही. औरंगाबादच्या नहरींमुळे त्याचे नाव सगळ्यांना माहीत आहे. पण औसा त्याने घेतले तेव्हा गावाला त्याच्या नावावरून अंबरपूर म्हणत, हे लातुरातही थोड्यांनाच ठाऊक असेल. नाव टिकले नाही, औसा टिकले.

पुढची गोष्ट भाच्यासाठी मी राखून ठेवली होती. १६३६ मध्ये शाहजहानचा सरदार खान-ए-दौरान उदगीर आणि औसा घ्यायला आला, तेव्हा दोन्ही किल्ले विजापूरच्या आदिलशाहीकडे होते. उदगीरचा किल्लेदार सिद्दी मिफ्ताह, म्हणजे हबशी मुसलमान. औशाचा किल्लेदार हिंदू. दोघे एकाच सुलतानाचे चाकर, दोघे एकाच बादशाहाविरुद्ध लढले, आणि काही आठवड्यांच्या अंतराने दोघांनी किल्ले सोडले. भाचा ऐकत होता. मग त्याने विचारले, “औसेवाले का नाम क्या था?” नाव मला नीट आठवेना. त्याने ते वहीत प्रश्नचिन्ह घालून लिहून ठेवले. वही होती, हेही मला तेव्हाच कळले.

औशाची जामा मशीद गावात आहे, औरंगजेबाच्या काळातली. तिच्यावरच्या लेखाप्रमाणे ती सोहराब खानाने १६८० मध्ये बांधली, आणि तिची घडण विजापूरच्या मशिदीची आठवण करून देते. भाईजान आणि भाच्याने तिथे जोहर पढली. आम्ही बायकांनी एका लिंबाखाली चटई अंथरली. मग तिथेच डबे उघडले: ज्वारीची भाकरी, कीमा, उकडलेली अंडी, ठेचा.

जेवताना खाला एकाएकी म्हणाली, किल्लारी इथून जवळ आहे ना? आमच्या यादीत किल्लारी नव्हते. सहलीला कुणी तिथे जात नाही. पण तिने विचारले म्हणून गाडी वळवली. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे चार वाजायला चार-पाच मिनिटे कमी. आदल्या रात्री गणपती विसर्जन झाले होते आणि माणसे दमून झोपली होती. दगड-मातीच्या जाड भिंती, वर मातीचे धाबे. सगळे अंगावर आले. लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत मिळून सुमारे दहा हजार माणसे गेली. खाला तेव्हा नवी नवरी होती. त्या आठवड्यात गल्लीतल्या सगळ्या घरांनी चुली बंद न करता भाकऱ्या थापल्या आणि ट्रक भरून इकडे पाठवले. तिच्या हाताने किती गेल्या याचा हिशेब नाही, पण त्या कुणी खाल्ल्या ते गाव तिने कधी पाहिले नव्हते. आम्ही स्मृतिस्थळाजवळ थोडा वेळ थांबलो. खालाने दुआ केली. मुले गप्प होती. धाकटी फक्त एवढेच म्हणाली की नव्या गावातले रस्ते फार सरळ आहेत.

खरोशाच्या लेण्यांना त्यामुळे उशीर झाला आणि ती आम्ही घाईत पाहिली. जांभ्या दगडाच्या टेकडीत सहाव्या शतकाच्या सुमारास कोरलेली ही बारा लेणी आहेत. दगड मऊ, म्हणून नक्षी झिजली आहे. वेरूळ पाहून आलेल्याला ती साधी वाटतील. शेजारी रेणुकामातेचे मंदिर आणि पीर पाशांचा दर्गा. तिथे संध्याकाळच्या उन्हात जावे, पण आमच्याइतक्या उशिरा नाही.

परतताना लातुरात गंजगोलाईला उतरलो. मधोमध जगदंबेचे मंदिर, भोवती गोल बाजार, आणि त्यातून निघणारे सोळा रस्ते. सोन्याचा, भांड्यांचा, चपलांचा असा एकेका धंद्याचा भाग. १९१७ मध्ये ही आखणी फैयाजुद्दीन नावाच्या नगररचनाकाराने केली. लातूरकर रोज त्यातून जातात. मी स्वतः लातुरात दोन वर्षे राहिले आहे आणि तिथल्या एका दुकानातून सगळे कपडे शिवून घेतले आहेत, पण हे नाव मला परवा कळले. भाच्याच्या वहीत ते प्रश्नचिन्हाशिवाय गेले.

तिसऱ्या दिवशी उदगीर. अम्मी आली नाही, गुडघे बोलत होते. खालूंनी मात्र न बोलावता चप्पल घातली आणि पुढच्या सीटवर जाऊन बसले. कारण विचारायचे धाडस कुणी केले नाही.

उदगीर मराठी वाचकांना २०२२ च्या पंचाण्णवाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनामुळे आठवत असेल. किल्ला जुना, खंदकाने वेढलेला. आत उदागीर ऋषींची समाधी आहे, ज्यांच्यावरून गावाचे नाव पडले म्हणतात, आणि भिंतींवर फारसी-अरबी लेख आहेत. म्हणजे एकाच दरवाज्यातून एक जण समाधीला हात जोडायला जातो आणि दुसरा फारसी अक्षरे लावत बसतो. खालू दुसऱ्या प्रकारचे निघाले. त्यांचे शिक्षण उर्दू शाळेत झालेले. एका लेखासमोर ते चष्मा वर-खाली करत वीस मिनिटे उभे राहिले. फारसी समजत नव्हती, पण अक्षरे लागत होती, आणि एकेक शब्द सुटला की ते भाच्याला हाक मारत होते.

उदगीरची लढाई फेब्रुवारी १७६० मधली. सदाशिवरावभाऊंनी निजामाला इथे हरवले आणि दौलताबादसारखे किल्ले मराठ्यांकडे गेले. ही लढाई जिंकली तोफांनी, आणि त्या तोफखान्याचा प्रमुख होता इब्राहिमखान गारदी. आधी तो निजामाच्याच नोकरीत होता. तिथून सुटून पेशव्यांकडे आला, आणि उदगीरला जुन्या मालकाच्या फौजेवर त्याने तोफा डागल्या. काही आठवड्यांतच भाऊसाहेब आपल्या मराठवाड्यातल्या परतूरहून उत्तरेला निघाले. गारदी सोबत होता. जानेवारी १७६१ मध्ये पानिपतावर तो मराठ्यांच्या बाजूने लढताना पकडला गेला आणि मारला गेला.

हे सगळे मी बुरुजावर सांगत असताना भाचा लिहीत होता. लिहून झाल्यावर त्याने वही मिटली आणि म्हणाला, “ये मैं उसकू बताऊंगा.”

“भांडायला?” भाभीने विचारले.

“नई. बताने कू.”

जाणाऱ्यांसाठी काही गोष्टी, अनुभवातून. सकाळी लवकर पोचा. दुपारनंतर गेले तर पाहणे होत नाही आणि संध्याकाळी दरवाजे बंद होतात. पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबर ते जानेवारी, हा काळ बरा. खंदकात पाणी असते, ऊन सोसते. तटावरचे कठडे बऱ्याच ठिकाणी ढिले आहेत, मुलांना मोकळे सोडू नका. अंधाऱ्या खोल्यांत वटवाघळे असतात, टॉर्च न्या, आणि चपलांऐवजी बूट घाला. बायकांनी शौचालयाची सोय आधी पाहून ठेवावी, पेट्रोल पंपावर किंवा बसस्थानकावर. एका किल्ल्यावर (नाव घेत नाही) शौचालय होते, पण त्याला कुलूप होते आणि किल्ली कुणाकडे आहे हे तिथे कुणालाच माहीत नव्हते. नव्वद टक्के बायका “हमकू नई आना” का म्हणतात, याचे कारण त्या कुलपात आहे.

गाडी नसली तरी अडत नाही. कंधार, औसा, उदगीर या तिन्ही ठिकाणी एसटी जाते. मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट आहे, पंचाहत्तरीपुढच्यांना प्रवास मोफत. मुक्कामाला खाला नसेल, तर नांदेड किंवा लातूर धरा आणि एका दिवसात एकच ठिकाण करा. औसा, किल्लारी, खरोसा आम्ही एका दिवशी केले, ते करू नये असे आता वाटते.

ज्यांना एक दिवस जास्त आहे त्यांनी उदगीरहून राज्याची हद्द ओलांडून बीदर गाठावे. १४७२ मधला महमूद गावानचा मदरसा तिथे आहे, पुढे स्फोटात अर्धा उडालेला, पण उरलेल्या मिनारावरच्या निळ्या फरशा पाहण्यासाठीच जावे.

आमचे ते राहिले. बिलोलीही राहिले. नांदेडला परतलो त्या रात्री अम्मी औषधे घेता घेता विचारत होती, बिलोलीची ती दगडी मशीद, औरंगजेबाच्या फौजेतल्या सरफराज खानाची, तिथे पायऱ्या किती आहेत? मला माहीत नव्हते. भाईजानने बिलोलीतल्या एका मित्राला फोन लावला. तो म्हणाला, मोजून सांगतो.